शिंशपेवरून खाली उतरण्याआधी

आजचे वाचन : वाल्मीकि रामायण, सुंदरकांड, सर्ग 30 ते 37



काल आपण त्रिजटेचं स्वप्न आणि सीतामाईला झालेले शुभशकुन वाचले. आज हनुमंत तिच्याशी पहिल्यांदा बोलतो. पण त्याआधी एक अख्खा सर्ग तो फक्त विचार करतो. तिसावा सर्ग सावकाश वाचा. शंभर योजनं समुद्र उडी मारून ओलांडणारा, सुरसेला युक्तीनं आणि सिंहिकेला बळानं निपटणारा हा वीर झाडाची फांदी आणि जमीन यांच्यातल्या चार हात अंतरापाशी थांबलाय. लंकेत शिरायला त्याला एवढा विचार करावा लागला नव्हता, तेवढा एका दुःखी माणसाशी बोलायला करावा लागतोय.

प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रात्र सरत आलीय. रावण नुकताच दोन महिन्यांची मुदत देऊन गेलाय. राक्षसिणींनी धमकावून झालंय. आणि सीतामाई स्वतःच्या वेणीनंच जीव संपवावा, अशा विचारापर्यंत पोचलीय. हनुमंताजवळ रामाच्या नावाची अंगठी आहे. आपण असतो तर काय केलं असतं? धपकन उडी मारून अंगठी पुढे केली असती. "माई, घाबरू नका, मी रामाचा माणूस!" इतकी मोठी गोड बातमी असल्यावर वेळ कशाला घालवायचा?

हनुमंत तसं करत नाही. तो एकेक शक्यता तपासतो. न बोलता परत गेलो तर ही जीव देईल, आणि रामाला काय तोंड दाखवू? एकदम समोर गेलो तर ही किंचाळेल. किंचाळली की राक्षसिणी जाग्या होतील, शस्त्रं येतील, लढाई होईल. मी पकडला गेलो तर निरोप कोण नेणार? आणि सगळ्यात सूक्ष्म विचार भाषेचा. संस्कारी ब्राह्मणासारखी शुद्ध संस्कृत बोललो, तर हिला मी रावणच वाटेन. म्हणून साध्या माणसांच्या बोलीत बोलायचं, असं तो ठरवतो.

हे नीट कळायला अरण्यकांड आठवावं लागतं. रावण पंचवटीत आला तेव्हा दहा तोंडं घेऊन नव्हता आला. भगवी वस्त्रं, छत्री, दंड, कमंडलू, ओठांवर वेदघोष, असा परिव्राजक होऊन आला होता. सीतामाईनं अतिथी म्हणून त्याला बसायला आसन दिलं. म्हणजे तिचा घात झाला तो सुंदर वेशानं आणि सुंदर भाषेनं. जिथे एकदा भाजलंय, तिथेच पुन्हा हात ठेवायचा नाही, हे हनुमंताला कळतं. आणि हा तोच हनुमंत बरं का, ज्याचं किष्किंधेतलं पहिलंच बोलणं ऐकून राम लक्ष्मणाला म्हणाले होते की वेद आणि व्याकरण शिकल्याशिवाय असं बोलता यायचं नाही. स्वतःची सगळ्यात मोठी कला तो इथे बाजूला ठेवतो, कारण समोरच्याला ती भीती देईल.

हे वाचताना मला एक फार वेगळा धंदा आठवतो. मोठ्या शहरांतल्या काही हॉटेलांत जेवणाऱ्यांना जादू दाखवणारे कलाकार असतात. स्टेज नाही, पडदा नाही. टेबलाटेबलाशी जायचं. त्यांच्या कामात पत्ते फिरवणं हा सोपा भाग. अवघड असतं ते टेबलापाशी जाणं. लोक आपापल्या गप्पांत, आपापल्या घरच्यांत असतात. त्यांनी याला बोलावलेलं नसतं. परका माणूस जवळ आला की पहिली शंका हीच, हा काय विकायला आलाय, पैसे किती मागणार?

म्हणून चांगला जादूगार आधी लांबून टेबल वाचतो. ऑर्डर देऊन झालीय आणि ताटं यायची आहेत, ती मधली वेळ धरतो. तोंडात घास असताना जात नाही. पाठीमागून जात नाही, सगळ्यांना दिसेल अशा जागी उभा राहतो. आपलं नाव सांगतो, हॉटेलनंच ठेवलंय हे सांगतो, म्हणजे पैशाची शंका आधी मिटते. पहिला प्रयोग छोटासा करतो, आणि बऱ्याचदा त्यांच्याच वस्तूवर. त्यांचं नाणं, त्यांची अंगठी. कोणी मान हलवून नको म्हटलं, तर हसून पुढच्या टेबलाकडे जातो. आणि एखाद्या टेबलावर लोक गंभीर बसलेत, कोणाचे डोळे भरलेत असं दिसलं, तर तिथे जातच नाही. गरम ताट आलं की निरोप घेतो.

कोणी म्हणेल, कुठे हॉटेलातली करमणूक आणि कुठे अशोकवन! बरोबर आहे, तुलना कामाची नाहीच. पण जवळ जाण्याची कला दोन्हीकडे एकच आहे, आणि हनुमंताकडे ती पूर्णत्वाला गेलीय. पाहा आता, तो काय काय करतो.

सगळ्यात आधी गोष्ट सांगतो. तीही अंग लपवून, पानांआडून, हळू आणि गोड आवाजात. दशरथ नावाचा राजा होता, त्याचा राम नावाचा मुलगा... म्हणजे सुरुवात स्वतःपासून नाही. "मी कोण, मी किती लांबून आलो" हे सगळं मागे. सुरुवात तिच्या माणसांपासून, तिला सगळ्यात जवळचं जे, तिथून. जादूगारानं त्यांचंच नाणं हातात घ्यावं तसं.

मग तो थांबतो. कथा तिच्या शोधापर्यंत आणतो आणि गप्प होतो. आता पाळी तिची. ती केसांआडून वर पाहते, इकडेतिकडे पाहते, तिला वानर दिसतो, ती दचकते. हे स्वप्न तर नाही ना, स्वप्नात वानर दिसणं अशुभ, असं तिच्या मनात येतं. रामाचं, लक्ष्मणाचं, जनकाचं भलं होवो, अशी ती प्रार्थना करते. या सगळ्या वेळात हनुमंत मध्ये बोलत नाही.

त्यानंतर तो खाली उतरतो, हात जोडतो आणि विचारतो, तुम्ही कोण? गंमत बघा, त्याला पक्कं माहीत आहे ती कोण ते! तरी विचारतो. तुम्ही रोहिणी आहात का, अरुंधती आहात का, की रावणानं पळवून आणलेली सीता? माणसाला स्वतःच्या तोंडानं स्वतःची ओळख सांगू देणं, हा केवढा मान आहे. दहा महिने तिला कोणी विचारलं नव्हतं की तू कोण. सगळे तिला फक्त सांगत होते की तिनं काय व्हावं. आमच्या नेटवर्किंगमध्ये याला हँडशेक म्हणतात. खरी माहिती पाठवण्याआधी दोन्ही बाजू एकमेकींना विचारून घेतात, ऐकू येतंय ना? उत्तर आल्याशिवाय पुढचा निरोप निघत नाही.

आणि एवढं करूनही काय होतं? तो जवळ सरकू लागतो तसतशी तिची शंका वाढते! हा रावणच असेल, जनस्थानात संन्यासी होऊन आला होता तोच. ती जमिनीवर बसून घेते. हनुमंत रागावत नाही. "एवढं सांगितलं तरी विश्वास नाही?" असं म्हणत नाही. नमस्कार करतो. ती परीक्षा घेते, रामाचं वर्णन कर, नर आणि वानर एकत्र आलेच कसे ते सांग. तो सगळं सांगतो. तिला पटतं. आणि मग, छत्तिसाव्या सर्गात, अंगठी निघते.

अंगठी सगळ्यात शेवटी. पुराव्याआधी विश्वास तयार व्हावा लागतो, नाहीतर पुरावाही मायाच वाटतो. रावणाला काय, एक अंगठी बनवणं अवघड होतं का? आणि ते प्रचंड रूप, ज्याला आपण चमत्कार म्हणतो, तेही हनुमंत सदतिसाव्या सर्गात दाखवतो, तिनं "एवढासा तू मला पाठीवर कसा नेशील?" असं विचारल्यावरच. आपलं मोठेपण त्यानं मागितल्याशिवाय बाहेर काढलं नाही.

आता एक कडू गोष्ट. जवळ जाण्याची कला रावणालाही येत होती. वेळ त्यानंही साधली, राम आणि लक्ष्मण दोघंही नसतानाची. वेश त्यानंही साधला. आणि लक्षात घ्या, किष्किंधेत हनुमंत रामाकडे पहिल्यांदा गेला तोही भिक्षूच्याच रूपात. वेश सारखा, गोड बोलणं सारखं. मग फरक कुठे? रावण कौतुक करत करत आला आणि काहीतरी घ्यायला आला. हनुमंत द्यायला आला. रावणाला तिची शंका नको होती, हनुमंतानं तिच्या शंकेला जागा दिली. आज फोनवर पोलीस बनून "डिजिटल अरेस्ट"ची भीती घालणारे भामटे नेमकं काय करतात? विचार करायला वेळ देत नाहीत. फोन ठेवू नका, घरच्यांना सांगू नका. ही खूण पक्की लक्षात ठेवा : जो तुम्हाला शंका घेऊ देत नाही, तो रामदूत नव्हे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी शंका घेतली तर चिडू नका. शंका घेणारी सीतामाईसुद्धा आपल्याला वंदनीय आहे.

दुसरी बाजूही आहे, जवळ येणाऱ्याला दार उघडणाऱ्यांची. ती कथा तर आपल्या राळेगाव तालुक्यातलीच, रावेरीची. तिथल्या मंदिरात सीतामाई एकटी आहे, शेजारी राम नाहीत. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम हाती घेतलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. लोक सांगतात, वनवासी सीता बाळंतपणानंतर गावात मूठभर गहू मागायला आली, गावानं दिला नाही, आणि इथे गहू पिकणार नाही असा शाप तिच्या तोंडून निघाला. पोथीत ही कथा नाही, पण आपल्या मातीनं ती जपलीय. लंकेत शत्रूच्या बागेत तिच्याशी कसं बोलावं म्हणून एक वानर इतका विचार करतो, आणि इथे माणसांच्या गावात ती स्वतः दाराशी आली तर कोणी वळून बघत नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचा. मला तरी झोप लागत नाही.

कारण आपला यवतमाळ जिल्हा पेपरात कशासाठी येतो, हे मी सांगायला नको. वेणीकडे हात गेलेली सीतामाई प्रत्येक गावात कुठल्या ना कुठल्या घरात बसलेली आहे. कधी ती पुरुष असते, कधी बाई, कधी कॉलेजातलं पोरगं. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्यानं घराबाहेर पडणंच सोडलं होतं. जो तो जाऊन "हिंमत धरा" म्हणायचा. तो मान हलवायचा आणि आणखी आत जायचा. एक म्हातारे काका मात्र गेले ते अंगणातूनच हाक मारत : "गड्या, माह्या बैलाचा मागचा खूर दुखते, जरा पाहून देतं का? तुयाएवढं कोनाले समजत नाही." त्या माणसाला बैलांची खरंच जाण होती. तो उठला, चप्पल घातली. खूर पाहून झाल्यावर दोघं गोठ्यातच बसले. बोलणं निघालं ते तासाभरानं. काकांनी सुंदरकांड वाचलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्यांना शिंशपेवरून उतरता येत होतं.

त्यांनी उपदेशाची अंगठी आधी काढली नाही. त्या माणसाचीच एक गोष्ट हातात घेतली, त्याला काहीतरी देऊ दिलं, आणि थांबले.

आपलं कुठे चुकतं? आपण दुःखी माणसाकडे एक तर जातच नाही, "आपण काय बोलणार?" म्हणून. नाहीतर भीमरूप घेऊनच जातो, सल्ले, उदाहरणं, देवाची इच्छा, सगळं एकदम. भगवंताचं नाव घेऊन गेलो तरी ते नाव समोरच्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. जादूगार रडणारं टेबल सोडून पुढे जातो, त्याच्यासाठी ते योग्यच. रामदूताचं काम मात्र त्याच टेबलापाशी असतं. फक्त जाण्याआधी, हनुमंतासारखं, चार क्षण फांदीवर बसावं. याला कशाची भीती आहे? कोणती भाषा याला जखम करेल? याचं स्वतःचं असं काय आहे, जिथून मी सुरुवात करू?

आजची साधना : तिसावा सर्ग एकदा वाचा. मग ज्याचा आवाज बरेच दिवस ऐकला नाही अशा एका माणसाचं नाव आठवा आणि आज त्याच्याकडे जा. काही सांगायला नको, काहीतरी विचारायला जा. आणि कोणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना आणि डॉक्टरांना सोबत घ्या. सरकारची टेली-मानस मदतवाहिनी 14416 या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

हे मारुतिराया, समुद्र ओलांडायचं बळ आम्हाला नको. शेजारच्या अंगणापर्यंत जायची बुद्धी दे. आमच्या जिभेला धीर दे आणि आमच्या कानांना त्याहून जास्त.

उद्या चूडामणी.

जय सियाराम.