काही होत नाही

आमच्या घाटकोपरच्या पंतनगरातल्या घराला एक अरुंद गॅलरी आहे. तीत दोन माणसे उभी राहिली तर तिसऱ्याने आतूनच बाहेरच्या गोष्टी ऐकाव्यात, एवढीच तिची रुंदी. एरवी तिथे कुंड्या, केरसुणी आणि वाळत घातलेले पंचे नांदतात. पण दिवाळीचे चार दिवस ती घराची मालकीण होते. गेली चाळीस वर्षे मी त्या गॅलरीत कंदील टांगत आलो आहे. आधी कामट्या आणि जिलेटिनचा कागद आणून घरी केलेला. पुढे दादरहून विकत आणलेला, घडीचा. आणि हात थरथरू लागल्यापासून नातवाने टांगलेला व मी खालून 'डावीकडे, अजून थोडा डावीकडे' असे सांगून सरळ केलेला.

गेल्या दिवाळीला नातवाने कंदिलाच्या जोडीला एक काळी डबी आणली. डबी कसली, लेसर प्रोजेक्टर. मुठीत मावेल एवढा, खाली तीन पायांची घोडी आणि पुढे एक काचेचा डोळा. मी शिरस्त्याप्रमाणे नाक मुरडले. 'पणती आहे, कंदील आहे, विजेच्या माळा आहेत; आणखी काय हवे?' असे काहीसे बोललोही. नातवाने उत्तर दिले नाही. त्याने बटण दाबले, आणि समोरच्या इमारतीची चार मजली भिंत हिरव्या-तांबड्या ठिपक्यांनी भरून गेली. हजारो ठिपके! पावसाळ्यात शेवाळलेली ती भिंत, तिच्यावरचे पाण्याचे नळ, कुणाचे वाळत घातलेले धोतर, सारे त्या ताऱ्यांखाली बुडाले. आणि ते तारे हळूहळू फिरूही लागले.

खरे सांगायचे तर मी हरखून गेलो. आणि त्या हरखण्यात सौंदर्याची ओढ किती होती नि दुसरेच काही किती होते, हे आज मला नीट सांगता येते. कंदील आपण लावतो तेव्हा आपले घर उजळते. इथे आमच्या हातभर गॅलरीतून आम्ही दुसऱ्याची अख्खी इमारत सजवीत होतो. रस्त्याने जाणारी माणसे थांबून वर पाहात, तारे कुठून येतात ते शोधीत, आणि त्यांची नजर शेवटी आमच्या गॅलरीवर येऊन ठरे. त्या वेळी मी गॅलरीत असेन याची मी काळजी घेत होतो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या आजी आल्या. हातात करंज्यांचा डबा. आमचा त्यांचा परिचय नळाच्या वेळा आणि निवडणुकीची रांग यापलीकडचा नव्हे; पण दिवाळीत फराळाचे डबे परिचयाच्या पुढे चार पावले चालतात. बसल्या, पाणी प्यायल्या, सूनबाईच्या रांगोळीचे कौतुक केले, आणि मग पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाल्या, "तुमचे ते तारे छान आहेत हो. पण आमचा धाकटा दिवे लागले की खिडकीत उभा राहतो आणि त्या हिरव्या उजेडातच डोळा घालून बघतो. एक डोळा मिटून. म्हणतो, आत दिवा दिसतो. त्याला काही होणार नाही ना?"

मी हसून म्हणालो, "अहो आजी, ते शोभेचे आहे. त्याने काही होत नाही."

"मला आपले वाटले," त्या म्हणाल्या. "माझ्या साखरेमुळे डॉक्टरांनी डोळ्यांत लेसर मारला होता. त्यांनीच सांगितले, आतला पडदा मुद्दाम थोडा थोडा जाळतात म्हणून. म्हणून विचारले."

"तो लेसर वेगळा," मी म्हणालो.

त्या समाधानाने उठून गेल्या. वयस्क, शिकलेल्या, दिवसाकाठी दोन वर्तमानपत्रे वाचणाऱ्या गृहस्थाने सांगितले आहे, मग शंका कसली? दार लावून मी आत आलो आणि नातवाला विचारले, "का रे, तो लेसर वेगळा ना?"

नातू म्हणाला, "तुम्हीच तर आत्ता सांगितलंत."

त्या रात्री आम्ही दोघे ती डबी पुढ्यात घेऊन बसलो. तिच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर विजेचा दाब लिहिला होता, 'मेड इन'च्या पुढे देशाचे नाव होते, आणि किरणाची शक्ती किती, तो कोणत्या वर्गातला, याविषयी अक्षर नव्हते. वर्ग म्हणजे काय हे मलाही त्याच रात्री कळले. एक मिलिवॅटपर्यंतचा, डोळ्यांना दिसणारा किरण दुसऱ्या वर्गात मोडतो. चुकून डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि तेवढ्यात निभावते, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब पापणीवर अवलंबून आहे. जो मुलगा हट्टाने पापणी उघडी ठेवून आतला दिवा शोधतो, त्याच्यासाठी तो मांडलेलाच नाही. त्याहून वरच्या वर्गांत, पाच मिलिवॅटच्या पुढे, पापणीचाही भरवसा धरीत नाहीत.

हा किरण इतका सरळ येतो की डोळ्याचे भिंग त्याला पडद्यावर एका सूक्ष्म बिंदूत आणून ठेवते. बुबुळावर पडलेला प्रकाश तिथे पोचेतो लाखपट तीव्र होतो. अंधारात बाहुली मोठी झालेली असते, म्हणजे दारही सताड उघडे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की डोळ्याच्या त्या पडद्याला वेदना कळत नाही. बोट भाजले तर आपण हात मागे घेतो. पडदा भाजला तर माणूस हसत उभा राहतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, अक्षराच्या मधोमध एक डाग बसलेला त्याला दिसतो.

नातवाने आपली बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. डबीतला एक किरण काचेवरच्या बारीक रेघोट्यांनी हजार ठिकाणी वाटला जातो, त्यामुळे एकेका ठिपक्याच्या वाट्याला थोडेच येते; शिवाय ते फिरत असतात. पण मग त्यालाच आठवले की मधला एक ठिपका बाकीच्यांहून ठळक असतो. वाटणीतून उरलेले सारे त्याच्या पदरात पडते. फिरवणारी मोटर स्वस्त असते, ती अडकली की तारे जागच्या जागी थिजतात. आणि हिरवा रंग या डब्यांत पुष्कळदा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपासून तयार करतात. ते अडवणारी काच बनवणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी गाळली असेल, तर हिरव्याच्या जोडीला न दिसणारेही काही बाहेर पडते, ज्याला पापणी मिटतच नाही. आमच्या डबीत ती काच होती की नाही, हे आम्हा दोघांनाही सांगता आले नाही. मी मात्र तासाभरापूर्वी सांगून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर गेलो. मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे ठरले. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, पडद्याचा फोटो काढला. तो दीडएक तास मी दवाखान्याच्या बाकावर आजींच्या शेजारी बसून होतो. त्या जपमाळ ओढीत होत्या आणि मला एकदाही काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पडदा स्वच्छ आहे. सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "वाचलो." मुलगा वाचला हे खरे, पण 'वाचलो' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

सकाळी माझ्याबरोबर फिरणारे एक स्नेही आहेत, सारे आयुष्य कोर्टकचेरीत गेलेले. त्यांना मी ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "नुकसान नाही तर दावा नाही. विसरून जा." मी म्हणालो, भरधाव मोटर हाकणाऱ्याला कोणी मेले नाही तरी शिक्षा होते ना? "होते," ते म्हणाले, "कारण आपण मोटर हाकतो आहोत हे त्याला ठाऊक असते. तुम्हाला कुठे ठाऊक होते?"

स्नेह्यांनी मला सोडवण्यासाठी टाकलेली ही दोरी माझ्याच गळ्याभोवती बसली. मला ठाऊक नव्हते, हा माझा अपराध नव्हेच. जगातल्या बहुतेक गोष्टी मला ठाऊक नाहीत. पण आजींनी विचारले तेव्हा मी 'ठाऊक नाही' असे म्हणालो नाही. 'काही होत नाही' असे म्हणालो. हे तीन शब्द आपल्या जिभेवर इतके रुळले आहेत की त्यांत एक विधान असते, आणि ते खरे किंवा खोटे असू शकते, हे आपण विसरून गेलो आहोत. लोकलच्या दारात लटकणारा तेच म्हणतो, उघडी वायर चिकटपट्टीने गुंडाळणारा तेच म्हणतो. मात्र तो निदान स्वतःच्या जिवावर म्हणतो. मी दुसऱ्याच्या नातवाच्या डोळ्यांवर म्हणालो.

2023 साली गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीनंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टी अधू झालेले तरुण आले. पडद्यावर भाजल्याच्या खुणा, रक्तस्राव. मिरवणुकीतल्या लेसरचा झोत थेट डोळ्यांवर आला होता. पुण्यात 2024 साली पोलिसांनी उत्सवात अशा झोतांवर बंदी घातली. या बातम्या मी वाचल्या होत्या. वाचून 'काय ही आजकालची मंडळे' असे म्हणून पान उलटलेही होते. ते झोत आमच्या डबीच्या कितीतरी पट जोरदार, हे उघड आहे. पण ट्रकवर ते यंत्र चढवणाऱ्या पोराला कोणी शंका विचारली असेल तर त्याने काय उत्तर दिले असेल, हे मला आता कल्पनेने शोधावे लागत नाही.

पणतीचा विचार करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पणतीपासून दुप्पट लांब गेले की तिचा उजेड चौथाई होतो, तिप्पट गेले की नववा हिस्सा. शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत ती इतकी मवाळ झालेली असते की आपण त्याची परवानगी काढली नाही हे कुणाच्या मनातही येत नाही. हजारो वर्षे आपण दिवे लावले ते या आधारावर. लेसर तसा मावळत नाही. थिओडोर मेमन याने 16 मे 1960 रोजी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला, तेव्हापासून माणसाच्या हाती असा उजेड आला की ज्याचा जोर अंतराने फारसा ओसरत नाही. पोच वाढली, नजर तेवढीच राहिली.

आणि आम्हा घाटकोपरकरांच्या डोक्यावर तर विमाने उतरत असतात. पश्चिमेकडे तोंड करून सांताक्रूझच्या धावपट्टीवर येणारे विमान आमच्या स्टेशनावरून जाते तेव्हा जमिनीपासून साधारण दीडशे मीटरवर असते. चाके बाहेर आलेली, पंखांवरची अक्षरे वाचता येतील इतके जवळ. हातातल्या साध्या लेसरचा किरणसुद्धा किलोमीटरभर जाऊन मीटरभर रुंद होतो, आणि वैमानिकाच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांपुढची सारी काच क्षणभर हिरवी होऊन जाते. म्हणून तर मुंबईचे पोलीस विमानतळाच्या परिसरात लेसर सोडण्यावर वेळोवेळी बंदीचे हुकूम काढतात. आमची घोडी गॅलरीच्या कठड्यावर होती. एखाद्या मांजराने तिला धक्का दिला असता तर तिचा डोळा वर गेला असता. त्या वैमानिकाने तर करंज्यांचा डबा घेऊन माझ्या दाराशी येणेही शक्य नव्हते.

'मग टाकून द्या ती डबी' असे सूनबाई म्हणाली. नातू हिरमुसला. मलाही ते पटेना. जे आपल्याला नीट वापरता येत नाही ते वाईट, हा न्याय लावला तर घरात विळीसुद्धा राहायची नाही. पण जिच्या अंगावर स्वतःचा वर्ग लिहिलेला नाही ती डबी आम्ही बंद केली. वर्ग दुसरा असे स्पष्ट लिहिलेली दुसरी आणली. नातवाने दुकानदाराला तीन वेळा लेबल दाखवायला लावले, आणि तो काय पुटपुटला हे मला सांगितले नाही. ती बसवली ती गॅलरीत नव्हे, तर आमच्याच इमारतीच्या मागच्या चौकात, गंजक्या जिन्याच्या वरच्या अंगाला, माणसाच्या डोळ्यांपेक्षा पुष्कळ उंच. घोडी काढून तिला लोखंडी पट्टीत दोन स्क्रूंनी जखडले. तोंड खाली, आमच्याच कंपाउंडच्या भिंतीकडे. त्या भिंतीला खिडकी नाही, काच नाही, चकचकीत असे काही नाही. कुणीतरी फुटका आरसा टेकवून ठेवला होता तो उचलून नेला. रात्री दहाला आपोआप बंद होईल असे घड्याळ लावले, आणि मुलांपैकी कोणी शिडी लावून वर चढू नये म्हणून शिडीच मी घरात आणून ठेवली.

या सगळ्यात दीड दिवस गेला. सूनबाईने दाराबाहेर यमदीप ठेवला होता, दक्षिणेकडे वात करून. दिव्याला तोंड असते आणि ते कुठे करायचे हे आधी ठरवायचे असते, हे आमच्या घरात दरवर्षी कुणीतरी करीतच होते. मी कधी त्यातून काही शिकलो नव्हतो इतकेच.

तारे आता पूर्वीसारखे दिसत नाहीत. भिंत लहान, तिच्यावर पावसाच्या ओलीचा मोठा डाग. निम्मे तारे त्या डागात विरून जातात. रस्त्यावरून तर काहीच दिसत नाही, त्यामुळे मला गॅलरीत उभे राहण्याचे कारण उरले नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरचा धाकटा आजींचे बोट धरून आला. त्याच्या खिडकीतून तारे गेले होते, आणि ते कुठे गेले हे त्याला पाहायचे होते. चौकात जाऊन तो भिंतीशी उभा राहिला, तळहातावर एक तारा धरला, सुटला, पुन्हा धरला.

आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता काही होत नाही ना?"

मी त्यांना खुर्ची आणून दिली. म्हटले, "आजी, परवा तुम्ही विचारलेत तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हते, मी उगीच बोललो. आज जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो." आणि वर जिन्याकडे बोट दाखवून मी वर्गापासून सुरुवात केली. त्या ऐकत होत्या; मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवले, आणि नातवाला हाक मारून म्हणाल्या, "ए, भिंतीकडे बघ. वर नको."