रिकामी कोठारे
(लूक १२:१६–२१, २ शमुवेल २४:१८–२५)



प्रभूच्या दाखल्यातील धनवानाने पीक मावेना म्हणून कोठारे मोडून मोठी बांधण्याचे योजिले. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावांत आज गोष्ट उलटी आहे. शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीनकडे वळला. ते मळणीयंत्रातून पोत्यांत पडते व थेट बाजार समितीत जाते. ट्रॅक्टर आल्यापासून बैल उणावले, गोठे ओस पडले, पेवे बुजली. आता जुने सागवान विकून जागा मोकळी करावी, असे पुष्कळांस वाटते. तो मोह आम्हांस समजतो. सागवानास किंमत आहे.

तरी मोडण्यापूर्वी दुसरी गोष्ट आठवावी. अरवना यबूसी याचे खळे दाविदाने घेऊन तेथे वेदी बांधली, आणि पुढे त्याच ठिकाणी शलमोनाने मंदिर उभारिले. धान्याची जागा सर्व लोकांची झाली. परंतु अरवना फुकट देत असताही दाविदाने पन्नास शेकेल रुपे मोजले. म्हणून ज्या मंडळीस एखादा जुना गोठा सभेस, रात्रीच्या अभ्यासास किंवा बियाणे ठेवण्यास हवा असेल, तिने सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनिशी लेखी करार करावा व भाडे ठरवावे. तोंडी दिलेली जागा पुढल्या पिढीत भांडणास कारण होते.

लंडनजवळ हार्मंड्सवर्थ येथील सुमारे १९२ फूट लांबीचे लाकडी कोठार १४२६ च्या सुमाराचे. त्याची फार हेळसांड झाली होती. २०११ साली एका सार्वजनिक संस्थेने ते विकत घेऊन दुरुस्त केले व लोकांस खुले केले. आमचे गोठे इतके थोर नव्हेत, पण रीत तीच. आधी छप्पर, पाणी मुरणे थांबले की अर्धे काम झाले. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये, आत ओल कोंडते. उधई लागलेला खांब तेवढाच बदलावा.

आता उंबरा. आमच्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी ही कोठारे आपल्या पाठीवरून भरिली, परंतु त्यांस आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. खळ्यावर दूर उभे राहून त्यांनी बलुते घेतले. तोच उंबरा पुन्हा उभा राहणार असेल तर सागवान विकलेले बरे. आणि हे आम्ही आमच्या मंडळ्यांसही सांगतो: मंडळीबाहेरची मुलेही त्याच सतरंजीवर बसावीत. कोणत्याही जातिधर्माच्या माणसास पुढील दाराने प्रवेश असावा, असे कलम करारातच घालावे. उपदेशकांनी ते पंचांसमोर मोठ्याने वाचावे, मग सह्या घ्याव्या.