रोपाची तहान



२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरलेले नाहीत. निळोणा आणि चापडोह ही धरणे तळाला गेली, माणसे टँकरची वाट पाहत बसली. त्याच वर्षी जुलैत १३ कोटी रोपे लावण्याचा शासनाचा संकल्प होता. पण आदल्या पावसाळ्यातल्या रोपांना त्या उन्हात पाणी कोणी घालायचे? शेजाऱ्याचा हंडा रिकामा असताना रोपाला पाणी देणे पुण्य की पाप?

माणूस आधी, हे उत्तर बरोबरच आहे. पण आपण ते फार लवकर देतो. आंघोळीचे पाणी तेव्हाही पुष्कळ घरांच्या मोरीतून वाहूनच जात होते. लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) माळी निष्फळ अंजिरासाठी एक वर्ष मागतो, तेव्हा नुसती दया मागत नाही. खणण्याचे, खत घालण्याचे काम अंगावर घेतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. आपल्याकडच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही.

रोप लावताना, फोटोच्या वेळी, आपण पुष्कळ असतो. म्हणून यंदा जितकी कुटुंबे मे महिन्यातल्या पाण्याची पाळी घेतील, तितकीच रोपे आवारात लावू. कडुनिंब बरा, कमी पाण्यावर तग धरतो. नावे मिस्सेनंतर द्यावीत.