गारव्याचा हिशेब

२०१९ च्या जून महिन्यात माझे आईबाबा अकोल्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. कुठलेही यंत्र दिसले की त्याचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते मागच्या अंगणात एसीच्या युनिटपाशी उभे होते. वरून सुटणाऱ्या हवेवर तळहात धरून मला म्हणाले, "अगं, हे तर गरम हवा फेकून राहिलं. मग थंडी कुठून येऊन राहिली?"

"थंडी कुठून येत नाही बाबा. घरातली उष्णता बाहेर जाते, इतकंच."

"म्हणजे आपला कचरा काढून शेजाऱ्याच्या दारात!" असे म्हणून ते हसले आणि भिंतीलगतच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे वळले. त्या पाण्याखाली त्यांनी तासाभरात बादली लावली. काटेपूर्णा धरणाचे पाणी नळाला दिवसाआड तर सोडाच, चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावातला माणूस! संध्याकाळपर्यंत बादली भरून वाहू लागली तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना. पुढे तीन महिने माझ्या कढीलिंबाला आणि तुळशीला त्याच पाण्यावर त्यांनी पोसले.

बाबांचे ते हसण्यावारी नेलेले वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एसी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अखंड चालतो. तो बिघडला की आपण फोन करतो, पैसे भरतो आणि विसरून जातो. त्यात नीती-अनीतीचा काही प्रश्न असू शकेल, हे निदान माझ्या तरी डोक्यात कधी आले नव्हते.

माझे बालपण कूलरचे. मार्च संपला की बाबा गच्चीवरून कूलर खाली आणत, जुना कुजका वाळा काढून नवीन भरत, पंपाला तेल देत आणि पहिल्या ओल्या झुळकीचा वास घरभर पसरे. ४५ अंशांच्या उन्हात त्या पत्र्याच्या डब्याने आम्हाला वाढवले. हाच डबा ह्यूस्टनला आणला तर उपयोग शून्य, कारण इथली हवा आधीच पाण्याने भरलेली. तिच्यात पाणी सुकत नाही, अंगावरचा घामही सुकत नाही. शाळेच्या सहलीत सेवाग्रामची बापू कुटी पाहिली होती. मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि त्यात वर्ध्याच्या उन्हाळ्यात राहणारे गांधीजी. इथे कुणी एसीबद्दल कुरकुरले की तो दाखला हमखास निघतो. पण वर्ध्याला मे महिन्यात निदान घाम तरी वाळतो हो! १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांत एकेकटी राहणारी म्हातारी माणसे बरीच होती. तेव्हा गारवा म्हणजे चैन आणि तो सोडणे म्हणजे पुण्य, इतके हे गणित सोपे नाही. एसीशिवाय राहा असा उपदेश मी कुणाला करणार नाही, कारण मी स्वतः राहू शकत नाही.

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात माणसासाठी बनलेच नव्हते. १९०२ साली विलिस कॅरियरने ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखले. दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसायचा नाही. म्हणून पहिली काळजी ओलाव्याची होती! आणि आपण ज्याला चार टनांचा एसी म्हणतो तो टन वजनाचा नव्हे (बाबांचीही तीच समजूत होती), बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. १८३३ साली बॉस्टनहून निघालेले एक जहाज खरोखरचा बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचले. निघताना १८० टन होता, पोचला तेव्हा शंभरच्या आसपास उरला होता. पुढे मुंबईतही अमेरिकन बर्फासाठी खास बर्फघर झाले. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे तेव्हाही तुमच्या अमेरिकेत थंडी, अन् आमच्याकडं बिल!"

असो. मुद्द्यावर येते.

आमचे घर १९९८ सालचे आणि एसीही घराबरोबरचाच, आर-२२ गॅसवर चालणारा. आईबाबा इथे असतानाच त्या उन्हाळ्यात तो थंड करीनासा झाला. मेकॅनिक आला, १३० अंश तापलेल्या अ‍ॅटिकमध्ये पाऊण तास घालवून घामाने निथळत खाली उतरला आणि म्हणाला, आतल्या कॉइलला बारीक गळती आहे. एवढ्या जुन्या कॉइलवर खर्च करण्यात अर्थ नाही. नवे सगळे बसवा, नाहीतर दोन पौंड गॅस भरतो, उन्हाळा निघेल.

आम्ही गॅस भरला. बाबा खूश झाले. त्यांच्या लेखी दुरुस्त होणारी वस्तू टाकून देणे हे पाप, आणि मीही त्याच संस्कारात वाढलेली. शिवलेली छत्री, कल्हई केलेली पातेली, तळवे बदललेल्या चपला. २०२० मध्ये पुन्हा दोन पौंड. २०२१ मध्ये पुन्हा. दर वर्षी भाव वाढलेला, कारण १ जानेवारी २०२० पासून या देशात आर-२२ चे नवे उत्पादन आणि आयात बंद झाली होती. तिसऱ्या वेळी मी मेकॅनिकला विचारले, "आपण भरतो तो गॅस जातो कुठे?" त्याने नुसते बोट वर केले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही यंत्र दुरुस्त करतच नव्हतो. छत्रीला टाका घातला की भोक बुजते. इथे भोक तसेच ठेवून आम्ही वरून ओतत होतो, आणि त्यालाच काटकसर म्हणत होतो. एका रात्री मी हिशेब केला. वजनाला वजन धरले तर आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट उष्णता धरून ठेवतो. दोन पौंड म्हणजे गाडी साधारण चार हजार मैल चालवण्याइतके. ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाऊन परत यावे आणि वर आणखी फिरावे, तेवढे. तेही एका वर्षाचे. शिवाय ओझोनचे थोडे नुकसान वेगळेच.

आता कायदा पाहा. १९९२ पासून हा गॅस मुद्दाम हवेत सोडणे गुन्हा आहे. पण पन्नास पौंडांपेक्षा कमी गॅस असलेल्या यंत्राची गळती बुजवलीच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि घरगुती एसीत एवढा गॅस कधीच नसतो. म्हणजे मेकॅनिकने एकदम सोडला तर अपराध, आणि माझ्या कॉइलने वर्षभर हळूहळू सोडला तर काहीच नाही! कायदा कुठेतरी रेघ ओढणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रेघेच्या अलीकडची जागा त्याने माझ्यावर सोपवली आहे आणि तिथे मला विचारायला कुणी येणार नाही, हे मला बोचत होते.

ह्यांचे म्हणणे वेगळे होते. मुलगा कॉलेजला गेला की दोन वर्षांत घर विकायचा विचार होता. "तोवर ढकलू. पुढचा घेणारा बघेल," हे म्हणाले. मित्रमंडळींचेही तेच मत. आणि ते काही दुष्ट लोक नाहीत, व्यवहारी आहेत. अकरा हजार डॉलर कुणाला नको असतात? टेक्सासमध्ये घर विकताना माहीत असलेले दोष लिहून द्यावे लागतात. तो कागद डोळ्यांसमोर आणून मी ह्यांना विचारले, "आपण काय लिहिणार? चालू आहे?" चालू तर होताच. गॅस भरल्यावर आठ महिने उत्तम चालायचा.

माझ्या दोन पौंडांनी जगाचे काय बिघडते, हा प्रश्न मात्र मला खरोखर छळत होता, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर 'जवळजवळ काहीच नाही' असे आहे. अकोल्याचा पारा माझ्या कॉइलमुळे चढत नाही. पण स्प्रेचा डबा उडवणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणता आले असते. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ साली दाखवले की डबे, फ्रिज, एसी यांतले हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि पुढे जगातल्या प्रत्येक देशाने त्यावर सही केली. ओझोन सावरतो आहे. त्यात एकट्या कुणाचा वाटा दाखवता येत नाही. ज्यात कुणा एकट्याचा अपराध दिसत नव्हता, ते सुधारण्यातही कुणा एकट्याचे श्रेय दिसत नाही. मला हे पटायला वेळ लागला, आणि पूर्ण पटले आहे असे आजही म्हणवत नाही.

शेवटी २०२२ च्या वसंतात आम्ही नवा एसी बसवला. वाद मी जिंकले असे नव्हे. कॉइल आणखी फाटली आणि ह्यांचे गणितही फिरले. जुन्यातला उरलेला गॅस यंत्र लावून सिलिंडरमध्ये ओढून घेतला जाईपर्यंत मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मेकॅनिकला माझी पाळत बहुधा आवडली नसावी. पण नव्या एसीत आर-४१०ए. तो ओझोनला इजा करत नाही, मात्र उष्णता धरण्यात आर-२२ पेक्षाही जबर, दोन हजार पटींहून जास्त! २०२५ पासून घरगुती एसीची नवी यंत्रे कमी घातक वायूंवर बनू लागली. आणखी तीन वर्षे थांबले असते तर? पण तीन वर्षे म्हणजे आणखी सहा पौंड. या हिशेबात हात स्वच्छ राहतील असा पर्याय मला सापडला नाही. तेव्हापासून फिल्टर महिन्याला बदलते, पाण्याच्या नळीत व्हिनेगर ओतते, बाहेरची जाळी पाइपाने धुते आणि वर्षातून एकदा गळती तपासून घेते. थर्मोस्टॅट ७८ वर. पाहुणे कुरकुरतात.

८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ आले आणि बावीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमची चार दिवस नव्हती. तो अकरा हजारांचा एसी अंगणात मुकाट उभा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी कुठूनसा जनरेटर आणि एका खोलीचा फिरता एसी मिळवला. रात्री त्याची गरम हवेची नळी खिडकीतून बाहेर काढली. समोर सात-आठ फुटांवर शेजारच्या वृद्ध जोडप्याच्या झोपायच्या खोलीची उघडी खिडकी. आमची गरम हवा आणि जनरेटरची धडधड थेट त्यांच्या अंगावर. बाबांचा कचरा आठवला. मी काही बोलायच्या आत हे टॉर्च घेऊन त्यांच्या दारात गेले. दोघेही आपापल्या उशा घेऊन आले आणि दोन रात्री आमच्याकडे झोपले. त्या खोलीत आम्ही सहा जण होतो. एसी कसाबसा ८२ पर्यंत उतरत होता.

घर अजून विकलेले नाही.

बाबांनी मात्र एसीला कायम नकार दिला होता. यंदाच्या मे महिन्यात आईला उन्हाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी दटावले, तेव्हा कुठे त्यांनी झोपायच्या खोलीत एक बसवला. २७ वर ठेवतात. फोनवर मला सगळे सविस्तर सांगितले, किती टनांचा, कुठला गॅस, किती स्टार. बसवणाऱ्या पोराला साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायला लावला म्हणे.

"अन् बादली लावली का?" मी विचारले.

"लावली नं. पण थेंब पडून नाही राहिला. इथल्या हवेत पाणीच कुठंय बाळ? पावसाळा येऊ दे."