कांदळाचा बगळा

पावसाळा सरत आला की देवबागच्या किनाऱ्याला लाकूड लागतं. सह्याद्रीतून उतरणारी कर्ली नदी पुरात काय काय घेऊन येते! उन्मळलेली झाडं, मोडक्या फांद्या, बांधावरच्या फणसाची मुळं. ते सगळं आधी समुद्रात जातं आणि मग लाटा ते वाळूवर आणून टाकतात. तोवर साल निघालेली असते, मऊ भाग झडलेला असतो आणि चिवट गाभा तेवढा उरतो. खाऱ्या पाण्यातल्या किड्यांनी त्यातही करंगळी जाईल अशी भोकं पाडलेली असतात. गावातले लोक हे लाकूड चुलीसाठी गोळा करत. एक म्हातारा सुतार मात्र ते जपून घरी नेई.

जन्मभर त्यानं होड्या बांधल्या होत्या. फायबरच्या होड्या आल्या आणि ते काम आटलं. आता तो किनाऱ्यावरचं लाकूड गोड्या पाण्यात बुडवून ठेवी, पाणी पुन्हा पुन्हा बदली आणि मीठ उतरलं की सावलीत वाळवी, कारण उन्हात ते तडकतं. मग ते पडवीत पडून राही, कधी कधी वर्षभरसुद्धा. येता-जाता तो एखादा तुकडा फिरवून बघे. एके दिवशी दोन तुकडे एकमेकांना लागत, गिरमिटानं भोक पडे, लाकडी खुंटी बसे आणि पंख पसरून वाळवत उभा असलेला पाणकावळा समोर येई. तासणी जवळच असायची, पण या कामाला तो तिला हात लावत नसे. ज्याचं सगळं आयुष्य लाकूड तासण्यात गेलं, त्यानं इथे हात आवरला. त्याची खरी कारागिरी मला यातच दिसते.

लोक पडवीत येऊन बघत उभे राहत. एकाला जिथे बगळ्याची मान दिसे, तिथेच दुसऱ्याला होडीची नाळ दिसे. म्हातारा कुणालाच चूक म्हणत नसे.

एकदा तारकर्लीचा एक हॉटेलवाला आला. त्याला प्रत्येक खोलीत एक बगळा हवा होता. सगळे एका उंचीचे आणि दिवाळीच्या आत.

"खाडीक सांगा," म्हातारा म्हणाला. "ती दिता तेवढ्याच माझ्याकडे आसता."

हॉटेलवाला हसला, पण म्हाताऱ्याच्या पुतण्यानं वाटेत गाठून त्याच्याकडून आगाऊ पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो होडी घेऊन खाडीत शिरला. खाडीकाठच्या कांदळाची मुळं खोडातून निघून कमानीसारखी चिखलात उतरतात. बगळ्याच्या मानेला याहून सोपं वळण कुठे मिळणार? त्यानं ती करवतीनं कापली, सोलली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात घालून पांढरी केली आणि उन्हात टाकली. बगळे देखणे झाले, हे मान्य केलंच पाहिजे.

म्हाताऱ्यानं एक बगळा हातात घेऊन तोलला. दिसायला एवढासा, पण हाताला जड लागत होता. त्यानं नखानं दाबून पाहिलं.

"ह्या लाकूड खंयचा?"

"किनाऱ्यावरचा."

म्हाताऱ्यानं बगळा उलटा केला. बुडाशी करवतीच्या दातांच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यानं पुतण्याला होडीत बसवलं आणि मुळं कापली होती त्याच काठावर नेलं.

तिथे एक बाई कोयती आणि टोपली घेऊन चिखलात उभी होती. कांदळाच्या मुळांना कालवं धरतात. ती काढायची आणि मालवणच्या बाजारात विकायची, यावर तिचं घर चालत होतं. आता तिच्यासमोर नुसती थोटकं उरली होती. मुळांनी धरून ठेवलेला चिखल भरतीनं खायला सुरुवात केली होती.

"हयसर माझी कालवां होती रे, झिला," ती पुतण्यालाच म्हणाली. "कोणी तोडल्यान?"

पुतण्यानं काकाकडे पाहिलं. काका वल्हं धरून पाण्याकडे बघत राहिला. उत्तर त्याचं नव्हतं.

"मिया, काकी," पुतण्या शेवटी म्हणाला.

पैसे हॉटेलवाल्याला परत गेले. पुढे कांदळाच्या लांब शेंगा गळायला लागल्या, तेव्हा पुतण्यानं त्या वेचल्या आणि त्या काठावर एकेक करून चिखलात खोचल्या. त्यातल्या बऱ्याच भरतीबरोबर वाहून गेल्या. ज्या रुजल्या त्यांना मुळं फुटून त्यावर कालवं धरायला वर्षं जाणार होती. तोवर त्या बाईला होडीनं पलीकडे भोगव्याच्या बाजूला कालवांसाठी सोडायचं काम त्यानं आपणहून घेतलं.

मुंबई उच्च न्यायालयानं २००५ साली राज्यातली खारफुटी तोडायला मनाई केली, आणि कांदळ ही खारफुटीच आहे. पण तोडलेलं मूळ सोलून, पांढरं करून दुकानात मांडलं की ते ओळखणारा तिथे फक्त गिऱ्हाईकच असतो. म्हणून अशी काष्ठशिल्पं जरूर बघा, आवडली तर घ्याही. मात्र घेण्याआधी हातात तोलून पाहा, उलटी करा आणि लाकूड कुठून आलं ते विचारा. बुडाशी ताजी करवत दिसली आणि शेजारी त्याच मापाची रांग मांडलेली असली, तर हातातलं शिल्प जागेवर ठेवून द्या.