राखीव माणसाची नीती

लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांस प्रतीक्षायादी नवी नाही. घरापासून बढतीपर्यंत आमचे नाव कोठे ना कोठे खाली लागलेले असतेच. म्हणून वगळलेल्या खेळाडूची कथा आम्हांस परकी वाटत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाह येथील आयपीएलच्या लिलावात 182 खेळाडू विकले गेले. पालघरच्या शार्दूल ठाकूरवर कोणीही बोली लावली नाही. मार्च 2025 मध्ये मोहसिन खान जायबंदी झाला, तेव्हा लखनौने त्याच्या जागी शार्दूलला घेतले. 27 मार्चला हैदराबादेत त्याने 34 धावांत 4 बळी मिळविले.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. वगळलेल्याची संधी जर दुसऱ्याच्या दुखापतीतून यावयाची, तर त्याने इच्छा तरी कशाची करावी? दुखापतीचा विचार मनात डोकावणे मानवी आहे. त्यावर आशा बांधून बसणे मात्र हीनपणाचे होय. शार्दूल मधल्या काळात मुंबईकडून रणजी सामने खेळत होता. जानेवारी 2025 मध्ये त्याने जम्मू-काश्मीरविरुद्ध शतक काढले, तरी मुंबई हरली. पुढच्याच सामन्यात मेघालयाविरुद्ध त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले.

लिलावात न विकल्या गेलेल्या बहुतेकांना असे बोलावणे आलेच नाही. तेव्हा तयारीचे फळ म्हणून जागा मिळेलच, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते शतक आणि ते बळी लखनौचे बोलावणे न येते, तरी मुंबईच्या खाती जमाच राहिले असते. राखीव माणसाने आपल्या कामाचा हिशेब याच वहीत मांडावा, असे आम्हांस वाटते.