ऐकू न येणाऱ्या आवाजाची मुभा

लष्कर भागातील लाल देऊळ हे यहुदी प्रार्थनामंदिर १८६७ साली उभे राहिले आणि त्याच्याच आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे, एवढे पुष्कळ पुणेकरांस ठाऊक असते. परंतु ससून मंडळी बगदादी यहुदी, आणि रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमोमध्ये प्रार्थनेस जमणारे बेने इस्रायली मात्र तुम्हांआम्हांसारखेच मराठी बोलणारे, कोकणात तेलाचा घाणा चालवून शनिवारी तो बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' हे नाव पडलेले, हा भेद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या मराठी यहुद्यांनी १८८० च्या सुमारास आपल्याकडील कीर्तनाचा बाज उचलून त्यात योसेफाची आणि मोशेची आख्याने बसविली. पुरुषांनी सुरू केलेल्या त्या परंपरेचा सांभाळ आज, इस्रायलला गेलेल्या कुटुंबांत तर विशेषच, स्त्रियांच्या गळ्यावर आहे.

हे सारे मनात घोळत असताना एका वेगळ्याच यहुदी संगीताचा प्रश्न मला अडवितो. पूर्व युरोपातील हसीदी पंथीयांनी 'निगुन' नावाचा गानप्रकार वाढविला. त्यात पुष्कळदा शब्दच नसतात, कारण शब्द संपले की गाणे संपते आणि निःशब्द स्वराला मात्र अंत नाही, अशी त्यांची धारणा. गाणाऱ्याचा अहंभाव त्या स्वरात विरघळावा, हा हेतू. आता असल्या निरहंकारी स्वराला स्त्री-पुरुषभेद तरी कोठून चिकटावा? परंतु चिकटतो खरा. तालमुद या यहुदी धर्मशास्त्रग्रंथात नोंदल्याप्रमाणे, तिसऱ्या शतकातील शमुएल या धर्मपंडिताने स्त्रीचा आवाज हा लज्जास्थानच होय असा निर्णय दिला, आणि त्यासाठी दाखला काढला तो बायबलातील गीतरत्नामधल्या प्रियेच्या मधुर कंठाच्या स्तुतीचा! स्तुतीतून मनाई निपजविण्याचे हे कसब आपल्याकडील शास्त्र्यांनाही अपरिचित नव्हते. परिणामी निगुन गाणाऱ्या हसीदी स्त्रियांच्या मैफली होतात त्या 'केवळ स्त्रियांसाठी' अशी जाहीर सूचना लावून. मिर्यामेने डफ घेऊन स्त्रियांना गाण्यास पुढे काढले आणि दबोरेने तर बाराकासमवेत विजयगीत गायिले, हे धर्मग्रंथातच नमूद असूनही.

समूहगायनापुरती तोड म्हणून काही विद्वानांनी तालमुदातीलच दुसरे वचन पुढे केले : दोन आवाज एकदम निघाले तर कोणताच नीट ऐकू येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील तरुण मुलामुलींच्या एकत्र भक्तिगायनाला धर्मपंडित येहिएल याकोव वाइनबर्ग यांनी मान्यता दिली, ती जर्मनीतील पूर्वसूरींच्या ज्या रिवाजाच्या आधारे, त्याचे समर्थन याच वचनाने होत असे. त्या काळी ही तजवीज धाडसाची होती, यात संशय नाही. तरीही मला ती बोचते. स्त्रीला गाण्याची मुभा आहे, कारण ती ऐकू येणार नाही. हसीदी साधकाला जे विरून जाणे परमार्थ वाटते, तेच येथे तिच्यावर हुकूम म्हणून लादलेले. स्वेच्छेने विरणे आणि विरल्याच्या अटीवर दारात घेतले जाणे, यांत मला तरी साम्य दिसत नाही. कोचीच्या यहुदी स्त्रियांनी मल्याळम गीते हस्तलिखित वह्यांतून जपली आणि पुरुषांच्या देखत गायिली. त्यांच्या वडीलधाऱ्यांना आवाज ऐकू येत नसल्याची ही कैफियत मांडावीशी वाटली नाही.

गंमत अशी की, ज्या तालमुदाने दोन आवाज ऐकू येत नाहीत म्हटले, त्यानेच एस्तेरच्या ग्रंथपठनाबाबत अपवाद सांगितला : ते दहा जणांनी एकदम वाचले तरी चालते, कारण प्रिय वस्तूकडे मनुष्य कान देऊन ऐकतो. म्हणजे निगुन खरोखरच प्रिय असेल, तर समूहाचा आडोसा लटका ठरतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात भजनी मंडळाच्या वीस बायका एका सुरात गात असल्या, तरी माजघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या पोराला त्यांतला आपल्या आईचा किंचित खाली उतरणारा आवाज अचूक कळतो.